अजून खेळतेस?

(तृतीय वर्ष कला, समाजशास्त्र)

आपल्याकडे मुलाला विचारतात, "काय रे, खेळ कसा चाललाय?" आणि मुलीला विचारतात, "अजून खेळतेस?"

दोन्ही प्रश्न विचारणारी माणसे तीच असतात. त्यांच्या मनात वाईट काही नसते. उलट बऱ्याचदा त्या प्रश्नात माया असते, काळजी असते. परंतु त्या ‘अजून’ या एवढ्याशा शब्दात मुलींच्या खेळाविषयीचे आपल्या समाजाचे सारे तत्त्वज्ञान साठवलेले आहे. ‘अजून’ म्हणजे हे आता तुझे वय नव्हे. ‘अजून’ म्हणजे झाले तेवढे कौतुक पुरे. ‘अजून’ म्हणजे पुढचे बघ!

मी सातवीपासून खो-खो खेळत आले. शाळेकडून आणि मग कॉलेजकडून जिल्ह्याच्या स्पर्धांपर्यंत गेले. द्वितीय वर्षाला असताना मी खेळ सोडला. मला तो कोणी सोडायला लावला नाही, हे आधीच प्रांजळपणे सांगते. कारण अशा लेखांत घरच्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची पद्धत आहे. माझी आई रागावली नाही, वडिलांनी अडवले नाही. फक्त तो प्रश्न सगळ्यांनी विचारला. शेजारच्या काकूंनी विचारला, एसटीत भेटलेल्या शाळेतल्या बाईंनी विचारला, लग्नघरी आत्याने विचारला. आणि एके दिवशी तो मीच मला विचारला. उत्तर सुचले नाही. कॅनव्हासचे बूट धुऊन, वाळवून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८–४० असे हरवले. आम्ही मैत्रिणींनी एका मोबाईलभोवती डोकी जमवून तो सामना पाहिला आणि टाळ्या पिटल्या. माझे बूट तेव्हा माळ्यावर होते.

हे सारे पुन्हा आठवायला कारण घडले ते समाजशास्त्राच्या तासाचे. गेल्या सत्रात सरांनी ‘खेळ आणि समाज’ या विषयावर प्रत्येकाला एकेका खेळाडूच्या कारकीर्दीवर टिपण लिहायला सांगितले. क्रिकेटपटू पहिल्या दहा मिनिटांत वाटून संपले. मी शोधत बसले, तेव्हा खेळाच्या समाजशास्त्रावरील एका वाचनात एक नाव आढळले : डॉ. फारा पामर. पुढे पाहते तो हेच नाव न्यूझीलंडच्या महिला रग्बी संघाच्या कर्णधाराचे! विश्वचषक एकदा नव्हे, तीनदा जिंकणाऱ्या कर्णधाराचे! मी वर्गात नाव सांगितले तेव्हा हशा पिकला. एक तर आडनाव पामर. आणि दुसरे, रग्बी. "म्हणजे ती मारामारीच ना?" असे मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले. सरही हसले. मीही हसले. पण टिपण लिहून झाले तेव्हा हसू मावळले होते.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी रग्बी पाहिलेली नाही. खरे तर हा खेळ आपल्या देशाला परका नाही. कलकत्त्याच्या एका गोऱ्या लोकांच्या क्लबाने एकोणिसाव्या शतकात बंद पडताना आपली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून घेतली, ते रुपये वितळवून एक चषक घडवला आणि १८७८ मध्ये तो विलायतेला दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्याच ‘कलकत्ता चषका’साठी झुंजतात. म्हणजे चषकात चांदी आमची आणि खेळ मात्र त्यांचा! असो. प्रत्येक बाजूला पंधरा गडी, चेंडू लांबट अंड्यासारखा, चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन भाग. चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवला की पाच गुण. चेंडू घेऊन धावणाऱ्याला मिठी मारून खाली पाडता येते. म्हणून बघणाऱ्याला ती मारामारी वाटते. पण या धसमुसळ्या दिसणाऱ्या खेळाचा एक नियम मला फार आवडला. हाताने चेंडू द्यायचा तो बाजूला किंवा मागेच द्यायचा. पुढे फेकायचा नाही. पुढे तर जायचे आहे, पण चेंडू मागून येणाऱ्याच्याच हाती सोपवायचा आहे. आम्हा खो-खोवाल्यांना हे लगेच पटावे. आम्हीही बसलेल्या गड्याला पाठीमागूनच खो देतो, आणि आपली धाव तिच्या पायांत घालून आपण तिच्या जागेवर बसतो.

पामर ज्या जागी खेळत त्या जागेला ‘हुकर’ म्हणतात. खेळ थांबून पुन्हा सुरू करायचा असतो तेव्हा दोन्ही बाजूंचे आठ-आठ गडी खांद्याला खांदा लावून, वाकून, एकमेकांवर रेटतात. त्या गराड्याच्या पहिल्या रांगेत मधोमध हुकर असते. तिचे दोन्ही हात शेजारणींच्या अंगाभोवती आवळलेले, डोके खाली, समोरून आणि मागून रेटा; अशा अवस्थेत तिने पायाने चेंडू आपल्या बाजूला ओढायचा. टाळ्या मिळवण्याची ही जागा नव्हे. टाळ्या दूरवर मोकळ्या मैदानात धावणारीला मिळतात. अशा जागी खेळणारी बाई दहा वर्षे कर्णधार राहिली, यातच तिच्या स्वभावाची ओळख पटते.

फारा पामर यांचा जन्म १९७२ चा, न्यूझीलंडमधील ते कुइती या गावचा. मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव. त्या माओरी वंशाच्या. म्हणजे गोरे येण्यापूर्वीपासून त्या देशात राहणाऱ्या लोकांपैकी. शिक्षणासाठी त्या दक्षिणेकडे ड्युनेडिनच्या ओटागो विद्यापीठात गेल्या. शारीरिक शिक्षण हा विषय घेतला, आणि रग्बीला त्यांनी हात घातला तो तिथे, १९९२ च्या सुमारास. म्हणजे साधारण आपल्याच वयात, आपल्यासारख्याच कॉलेजच्या मैदानावर. ज्या वयात आपण "आता पुरे" म्हणतो त्या वयात या बाईंनी श्रीगणेशा केला!

त्या वेळी स्त्रियांच्या रग्बीची स्थिती काय होती? १९९१ मध्ये वेल्समध्ये स्त्रियांचा पहिला विश्वचषक झाला, तोच मुळी काही खेळाडू बायांनी स्वतःच्या हिंमतीवर भरवला. आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाची त्याला मान्यता नव्हती. सोव्हिएत रशियाच्या मुली म्हणे जवळ परकीय चलन नसल्यामुळे विकायला व्होडका आणि माशांची अंडी घेऊन आल्या होत्या! १९९४ मध्ये पुढची स्पर्धा स्कॉटलंडला झाली. तिथे न्यूझीलंडचा संघ गेलाच नाही, कारण त्यांच्या देशाच्या रग्बी संघटनेने पाठबळ दिले नाही. ज्या देशात पुरुषांचा रग्बी संघ म्हणजे दैवत, त्याच देशाच्या मुली घरी बसल्या. मंडळाची अधिकृत मान्यता मिळालेला पहिला महिला विश्वचषक १९९८ मध्ये ॲमस्टरडॅमला झाला.

पामर १९९६ मध्ये राष्ट्रीय संघात आल्या आणि १९९७ मध्ये कर्णधार झाल्या. १९९८ च्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने अमेरिकेला ४४–१२ असे हरवले. २००२ मध्ये बार्सिलोनाला इंग्लंडला १९–९. २००६ मध्ये कॅनडातील एडमंटन येथे पुन्हा इंग्लंडला २५–१७. सलग तीन विश्वचषक, तिन्ही वेळी कर्णधार त्याच. त्यांच्या कारकीर्दीत ३५ आंतरराष्ट्रीय कसोट्या झाल्या, आणि कर्णधार म्हणून त्या हरल्या त्या एकदाच : २००१ मध्ये, मायदेशी, इंग्लंडकडून. ज्या संघाकडून हरल्या त्याच संघाला पुढच्याच वर्षी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नमवले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

ही झाली गुणपत्रिका. एखादा सत्कार-लेख इथेच संपला असता आणि शेवटी ‘अशा या तेजस्विनीस मानाचा मुजरा’ असे म्हणून लेखणी खाली ठेवता आली असती. पण मला जे सांगायचे आहे ते याच्या पुढचे आहे.

या साऱ्या काळात या बाई पोटासाठी काय करीत होत्या? कारण रग्बी त्यांना पोटाला देत नव्हती. पुरुषांची रग्बी १९९५ मध्ये उघडपणे व्यावसायिक झाली. खेळाडूंना पगार सुरू झाले. न्यूझीलंडच्या पंधरा जणींच्या महिला संघाला पगारी करार मिळाले ते २०१८ मध्ये. मधली तेवीस वर्षे त्या मुली विश्वचषक जिंकत होत्या आणि कामधंदा वा शिक्षण सांभाळून सराव करीत होत्या. पामर त्या काळात अभ्यास करीत होत्या. कर्णधार असतानाच त्यांनी ओटागो विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली आणि पुढे मॅसी विद्यापीठात प्राध्यापक म्हणून खेळाच्या व्यवस्थापनासारखे विषय शिकवू लागल्या.

आणि प्रबंधाचा विषय? माओरी मुली, त्यांचे खेळणे, शाळेतले शारीरिक शिक्षण आणि त्यामागची सत्ता. म्हणजे ज्या मातीतून त्या आल्या, त्याच मातीतल्या मुलींना खेळ कसा भेटतो, कोण त्यांना मैदानावर येऊ देते, मैदानावर आल्यावर त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते, याचा शोध. सकाळी ज्या मैदानावर घाम गाळायचा, दुपारी त्याच मैदानाविषयी प्रश्न विचारायचे!

आपल्याकडे खेळ आणि अभ्यास या जणू दोन सवती. खेळाडू विद्यार्थी म्हटला की त्याला वर्गात सहानुभूतीचे गुण द्यायचे. आणि हुशार विद्यार्थिनी म्हटली की ती मैदानाकडे फिरकणार नाही हे गृहीत धरायचे. "खेळात लक्ष घातलेस तर अभ्यास बुडेल" हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ते एखाद्या सुभाषितासारखे पाठ झाले आहे. पामरबाईंची कारकीर्द सांगते की सवती भांडतात त्या घरधन्याने भांडण लावल्यामुळे. एरवी त्या बहिणीही होऊ शकतात. मी समाजशास्त्र शिकते. तीन वर्षे मी ‘भूमिका’, ‘मानदंड’, ‘सामाजिक नियंत्रण’ या संज्ञा पाठ केल्या. परंतु "अजून खेळतेस?" हा प्रश्न म्हणजेच सामाजिक नियंत्रण, हे मला पुस्तकातून कळले नाही. खेळ सोडला आणि मग कळले. खेळत असते तर कदाचित लवकर कळले असते.

२००६ चा विश्वचषक जिंकून पामर निवृत्त झाल्या. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय रग्बीच्या मानवंत खेळाडूंच्या दालनात प्रथमच स्त्रियांना प्रवेश मिळाला, त्या पहिल्या सहा जणींत त्या होत्या. २०१६ मध्ये न्यूझीलंडमधील प्रांतांच्या महिला स्पर्धेला ‘फारा पामर चषक’ असे नाव देण्यात आले. जिवंतपणी आपल्या नावाचा चषक पाहायला मिळणे म्हणजे भाग्यच. बहुतेकांनी इथे समाधान मानले असते. पण त्याच वर्षी, २०१६ च्या डिसेंबरात, त्या न्यूझीलंडच्या रग्बी संघटनेच्या संचालक मंडळावर गेल्या. ती संघटना १८९२ ची. १२४ वर्षांत त्या मंडळावर बसलेली ही पहिली स्त्री! वाचकहो, या आकड्यावर क्षणभर थांबा. न्यूझीलंड हा स्त्रियांना मताचा हक्क देणारा जगातला पहिला स्वयंशासित देश. तो हक्क त्यांनी १८९३ मध्ये दिला. देशाचे सरकार निवडण्याचा अधिकार १८९३ ला, आणि रग्बीच्या मैदानाचे वेळापत्रक ठरवणाऱ्या टेबलाशी एक खुर्ची २०१६ ला! २०२१ मध्ये त्या त्या मंडळाच्या उपाध्यक्ष झाल्या, आणि २०२३ च्या नववर्षदिनी त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला.

माझ्या मते या कारकीर्दीतला सर्वांत मोठा पराक्रम तीन विश्वचषक हा नव्हे. ती खुर्ची आहे. यावर माझ्या एका मित्राने टिपण ऐकताना आक्षेप घेतला. तो म्हणाला, "खुर्ची म्हणजे काय पराक्रम? खुर्चीवर बसणारे सगळेच. मैदानावर घाम गाळणे अवघड." दिसायला हा आक्षेप बरोबर आहे. पण मुलींना मैदान मिळावे की नाही, प्रवासभाडे द्यावे की नाही, १९९४ सारखा संघ पाठवावा की घरी बसवावा, हे मैदानावर ठरत नाही. ते बंद दाराआड, चहाचे कप समोर ठेवून, एखाद्या विषयपत्रिकेच्या सातव्या-आठव्या कलमात ठरते. तिथे मुलींचा खेळ जाणणारे कोणी नसेल तर मैदानावरचा सारा घाम त्या कलमाखाली वाया जातो. विजेत्या खेळाडूला आपण शाबासकी देतो. कारण शाबासकी स्वस्त आहे. जागा देत नाही. कारण जागा देताना कोणाला तरी थोडे सरकून बसावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एक स्त्री मंडळावर गेली म्हणून सारे आलबेल झाले का? नाही झाले. २०२१ च्या अखेरीस न्यूझीलंडच्या महिला संघातल्याच एका खेळाडूने संघात मिळणाऱ्या वागणुकीविषयी जाहीरपणे लिहिले. चौकशी बसली, २०२२ मध्ये अहवाल आला आणि त्यात संघाच्या वातावरणातले दोष सांगितले गेले. पामर तेव्हा उपाध्यक्षच होत्या. तेव्हा एक खुर्ची म्हणजे जादूची कांडी नव्हे. परंतु १९९४ च्या मुलींची नाराजी त्यांच्या मनातच राहिली आणि २०२१ च्या मुलीच्या तक्रारीची चौकशी झाली, हा फरक लहान नाही. त्याच २०२२ च्या नोव्हेंबरात ऑकलंडच्या ईडन पार्कवर न्यूझीलंडच्या मुलींनी इंग्लंडला ३४–३१ असे हरवून विश्वचषक पुन्हा जिंकला. मैदानात ४२ हजारांहून अधिक माणसे होती. पुढचा विश्वचषक २०२५ मध्ये इंग्लंडने जिंकला; लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर त्या अंतिम सामन्याला ८१ हजारांहून अधिक प्रेक्षक जमले. बायकांची रग्बी बघायला कोण येतो, असे विचारणाऱ्यांना आणखी काय उत्तर द्यायचे?

तिसरा आक्षेप मला माहीत आहे, कारण तो आपला राष्ट्रीय आक्षेप आहे : "ते देश श्रीमंत आहेत. आपल्याला परवडते का?" पण ज्या काळाविषयी मी लिहिते आहे त्या काळात त्या मुलींना त्यांच्या श्रीमंत देशानेही फारसे काही दिले नव्हते. आणि आपल्या देशातल्या मुलीही काही हात जोडून बसलेल्या नाहीत. भारतातल्या मुलींनी पंधरा जणींच्या रग्बीचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना २०१८ मध्ये सिंगापूरला खेळला, हरल्या. आणि २०१९ मध्ये मनिलात त्याच सिंगापूरला २१–१९ असे हरवून पहिला विजय मिळवला. त्यात ओडिशा आणि बिहारच्या खेड्यांतून आलेल्या मुली होत्या. भारताचे कर्णधारपद भूषवणारी वाहबिझ भरूचा आपल्या पुण्याची. तिनेही खेळाबरोबर भौतिकोपचाराचे शिक्षण घेतले. म्हणजे मैदान आणि पुस्तक एकाच पिशवीत घालून फिरणाऱ्या मुली शोधायला न्यूझीलंडपर्यंत जायचेही कारण नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. ज्या काकूंनी मला "अजून खेळतेस?" म्हणून विचारले होते त्यांनीच पेढे वाटले. मी त्यांना दोष देत नाही. दुसऱ्याची मुलगी जिंकली की पेढे आणि आपली मुलगी खेळली की प्रश्न, ही आपल्या सर्वांचीच रीत आहे.

आता थोडे घरचे. हा अंक तुमच्या हाती आहे. त्याची सुरुवातीची पाने उलटा. पदकविजेत्या मुलींची छायाचित्रे तुम्हाला दिसतील. हातात ढाल, बाजूला मान्यवर. छायाचित्र छापण्यात कोणतेच कॉलेज कुचराई करीत नाही. पण छायाचित्राला एक मिनिट लागते. सरावाला रोज दोन तास लागतात. ते दोन तास कोठून आणायचे? संध्याकाळी मैदान क्रिकेटने व्यापलेले. ते मोकळे होईपर्यंत अंधार पडतो आणि गावाकडची शेवटची एसटी निघून जाते. स्पर्धेला जावे तर चाचणी परीक्षा बुडते आणि हजेरी कापली जाते. जिमखान्याच्या समितीत मुलींची प्रतिनिधी असते, पण बऱ्याचदा तिचे काम पाहुण्यांना पुष्पगुच्छ देण्यापलीकडे जात नाही. ही केवळ आपली कहाणी नव्हे. इतर महाविद्यालयांतल्या मैत्रिणीही हेच सांगतात.

म्हणून प्राचार्य, प्राध्यापक आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींपुढे माझ्या तीन साध्या सूचना आहेत. आठवड्यातून तीन दिवस, चार ते सहा या वेळात, उजेड असताना, मैदान मुलींसाठी राखून ठेवावे. विद्यापीठाच्या स्पर्धेला गेलेल्या विद्यार्थ्यांची, मग तो मुलगा असो वा मुलगी, बुडालेली चाचणी पुन्हा घ्यावी. ती कृपा म्हणून नव्हे, नियम म्हणून. आणि जिमखाना समितीत एक तरी अशी मुलगी असावी जी खेळते, जिच्या पायाला मैदानाची माती लागलेली आहे, आणि जिच्या सहीशिवाय मुलींच्या खेळाचा खर्च मंजूर होणार नाही. यांपैकी एकाही गोष्टीला मोठे अनुदान लागत नाही. थोडे सरकून बसावे लागते, एवढेच.

आणि मैत्रिणींनो, एक सूचना आपल्यालाही. समितीवर नाव सुचवले की आपण "नको गं, मला नाही जमणार" म्हणतो. धावायला आपण भीत नाही, पडायला भीत नाही, पण बैठकीत तोंड उघडायला भितो. पामरबाईंचे आडनाव ऐकून आम्ही वर्गात हसलो. पण "मी पामर काय बोलणार" असे म्हणत बसलो आहोत ते आपणच! ज्यांनी खेळ सोडला आहे, माझ्यासारख्या, त्यांनी हे काम तरी घ्यावे. धावून झाले की खो देऊन बसायचे असते हे खरे. पण खो द्यायचा असतो, हेही तितकेच खरे. तो न देताच मी पाटीतून बाहेर गेले होते.

टिपण सादर केल्यानंतरच्या आठवड्यात मी माळ्यावरचे बूट खाली काढले. एकाचा तळ सुटला होता. तो शिवून घेतला आणि एका संध्याकाळी मैदानावर गेले. खुंट रोवलेले होते. प्रथम वर्षाच्या मुली होत्या, दोघी-तिघी तर मला ओळखतही नव्हत्या. दम पहिल्याच डावात लागला. मला मिनिटभरही टिकता आले नाही, हे कबूल करते. बाद होऊन बाजूला उभी राहिले तेव्हा एका मुलीने पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारले, "ताई, तुम्ही अजून खेळता?"

शब्द तेच होते. पण तिच्या तोंडी त्या ‘अजून’चा अर्थ निराळा होता. तिला माझे वय मोजायचे नव्हते. तिच्यापुढे अजून तीन वर्षे होती, आणि ती खेळता येतात की नाही एवढेच तिला जाणून घ्यायचे होते.

"खेळते," मी म्हटले. "उद्या चारला ये. मैदान मिळवण्याचे बघू."